एदुविनाचं घर निघालं

शाळेच्या छपरावर आधी एकच खांब होता.
चिलोएच्या आमच्या बेटावरची सतरा घरं
त्याच्याकडे तोंड करून बसायची.
शेजारणीला तिच्याच मांजराचा फोटो पाठवायचा
तरी तो आधी शाळेत जाऊन यायचा.
जुलैच्या वादळात खांब आडवा झाला,
आणि सतरा घरं, सगळी धडधाकट,
एकमेकांना पारखी झाली.
कुणी मला बोललं नाही. खांब मीच सुचवला होता.

रोसाउरो म्हणाला, एक जाड दोरी घाल, बस.
त्याच्या खाडीत तशीच असते, बोयापासून बोयापर्यंत,
खाली शिंपल्यांच्या माळा.
घातली. कुंपणाकुंपणानं, चिखलातून.
मार्चमध्ये एका डुकरिणीनं ती उकरून चावली.
डुकरिणीच्या अलीकडचे मुके, पलीकडचेही मुके.
डुकरीण कुणाची, यावरून
ओलेगारिओ आणि बाल्दोमेरोनं अबोला धरला.

वर्तुळ करून पाहू, असं एका संध्याकाळी मनात आलं.
एदुविनाच्या चुलीभोवती आम्ही गोल बसलो होतो,
येर्बाचा तुंबा फिरत होता.
ज्याच्या हाती तुंबा त्यानं बोलावं, बाकीच्यांनी थांबावं.
किती शहाणपणाचं, म्हटलं. कल्ला नाही, धक्काबुक्की नाही.
मग नीट पाहिलं:
प्रत्येकाचं पिऊन झालं की तुंबा तिच्याचकडे परत जात होता.
किटली तिच्या हातात.
आम्ही गोल बसलो होतो खरे,
पण आमच्यातही एक शाळेचा खांब होता,
ब्याऐंशी वर्षांचा, फुलाफुलांच्या एप्रनमधला.

शेवटी छपराछपरावर डबा बसवला,
प्रत्येकाला दोन-तीन सोबती दिले.
हा नाही तर तो, तो नाही तर ती.
नकाशा काढला तर फाटकं जाळं दिसतं,
साहेबाला दाखवण्यासारखं त्यात काही नाही.

आणि त्याच वसंतात एदुविना म्हणाली,
मुलीकडे जायचंय, पलीकडच्या किनाऱ्याला.
घरासकट.

इथे अशा कामाला मिंगा म्हणतात.
मजुरी नसते, जेवण असतं.
बैलांच्या दहा जोड्या, खाली गोल ओंडके,
मग पाच होड्या,
आणि भरतीबरोबर घर पाण्यावर,
खिडकीतले पडदे तसेच.
छपरावरचा डबा काढायचा मी विसरले.
(खोटं. बॅटरी रात्रीच भरून ठेवली होती.)

लॅपटॉप मांडीवर घेऊन मी धक्क्यावर.
पडद्यावर तिचा ठिपका.
ओलेगारिओशी जोडलेली रेघ तुटली.
बाल्दोमेरोशी जोडलेली तुटली.
रोसाउरोच्या होडीनं जरा वेळ हात धरला,
मग तोही सुटला.
नऊ मिनिटं तो ठिपका कुणाचाच नव्हता.
माणसं ओरडत होती, दोर ओढत होती,
मला काही ऐकू येत नव्हतं.

मग पलीकडच्या चॅपलनं तिला ओळखलं.

रात्री खड्ड्यातले बटाटे, शिंपले, डोळ्यांत धूर.
सगळं बेट जेवायला.
मी पुन्हा नकाशा उघडला.
जिथे तिचं घर होतं तिथे आता जोत्याचे दगड,
आणि त्या दगडांवरून एक नवी रेघ,
सरळ, ओलेगारिओच्या छपरापासून
बाल्दोमेरोच्या छपरापर्यंत.
आजवर त्यांचं सगळं तिच्या घरातून जायचं.

मी कुणाला सांगितलं नाही.
दोघे शेकोटीच्या दोन टोकांना बसले होते,
एकमेकांकडे पाठ करून,
आपापल्या फोनमध्ये तेच, घराचे फोटो बघत.