जित्याची खोड

चौरसियांचा तेजेंद्र पेडल ठेवून गेला,
हिरवं, एका कोपऱ्याला पोचा आलेलं.
म्हणाला, दीदी, बाकी सब ठीक है, बस
साउंड में थोड़ा जीरावन डाल दो.

इंदुरात आवाजही जिभेनंच मोजतात.
कुणाला शेवेसारखा कुरकुरीत हवा,
कुणाला रबडीसारखा दाट, पण बुडाला लागलेला नको.
मी वहीत लिहून घेते:
तेजेंद्र, जीरावन, रविवारपर्यंत.
किती ओहम, ते मग माझं मी बघते.

शनिवारी बिलांचा काउंटर बंद.
जेवणाच्या टेबलावर कालचा पेपर,
चार स्क्रू बशीत.
त्या बशीत आता कुणी चहा पिणार नाही,
असं आई म्हणते, दर शनिवारी.

आत दोन डायोड,
भांडलेल्या भावांसारखे, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे.
लहर वर गेली की एक तिचं डोकं छाटतो,
खाली गेली की दुसरा पाय.
दोघांची कात्री सारखी.
म्हणून आवाज असा इस्त्रीचा.

पुण्याची मावशी मला दर दिवाळीत दुरुस्त करते.
'करून राहिले' काय गं? 'करते आहे' म्हण.
मावशीचे दोन्ही डायोड सारखे आहेत.
हो मावशी, म्हणते मी, समजून राहिले.

तर एक काढला.
राळेचा धूर, नाकात देवळाचा वास,
बोटाला चटका, तो नेहमीचाच.
त्याच्या जागी जर्मेनियमचा बसवला:
काचेच्या पोटात मांजराच्या मिशीएवढी तार.
महाराणी रोडवर आता मिळत नाही,
हकीमुद्दीनभाईंनी तीन खण उपसले आणि
हसून चौथा उघडलाच नाही.
हा मुंगीकाकूंच्या रेडिओतला.
भंगारात निघाला तेव्हा म्हणाल्या,
ने बाई, फक्त
रात्रीचा आवाज करू नकोस.

गिटार मला येत नाही.
जाडी तार मोकळी सोडते आणि ऐकते,
सूर नाही, त्याचं फाटणं:
कुठून उसवतं,
आणि हात उचलल्यावर
किती वेळानं शहाणं होतं.
आता एका बाजूनं कापतं, दुसरीकडून कुरतडतं.
जीरावन आहे. थोडं जास्तच पडलंय.

गेन पूर्ण उजवीकडे फिरवला.
तारेला हातही नाही लावला अजून,
आणि स्पीकरमधून,
पिठाच्या चक्कीमागून बोलावं तशी, एक बाई:
सोयाबीन, आवक साधारण.
डॉलर चना मजबूत.
लहसुन, ऊटी क्वालिटी...

आई हात पुसत बाहेर आली.
कोण आलंय?
आकाशवाणी, मी म्हणाले.

पाटी उलटी केली, सुलटी केली.
बाई हलेना.
मग लक्षात आलं.
काकूंच्या ओट्यावर तीस-पस्तीस वर्षं
ह्यानं एवढंच तर केलं होतं,
हवेतून बाईचा आवाज गाळायचा
आणि वाटीत ठेवायचा.
मी त्याला डोकी छाटायला बसवलं. छाटतोय, तक्रार नाही.
पण जरा हात रिकामा झाला की
हे.

जित्याची खोड, आई म्हणाली.
तो जिता नाही गं, असं म्हणणार होते.

उपाय माहीत आहे.
तोंडाशी सत्तेचाळीस पिकोफॅरड,
मसुराच्या डाळीएवढा, रुपयाचा.
डबीत आहे. आयर्न तापलेलं आहे.
उद्या सहाला पलासियाच्या कॅफेत
तेजेंद्र डोळे मिटून वाकेल तेव्हा
मध्येच लसणाचे भाव नकोत.

आईनं खुर्ची ओढून घेतली.
थांब, म्हणाली, कांदा ऐकू दे.

आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर टेकवलं,
चुर्र झालं.
स्क्रू बशीत. चारही.
कांदा अजून आलेला नाही.