ताटलीत उरलेलं

पटावर बासष्ट लेकरं, सर मांडतात.
मी पट मोजत न्हाई. मी ताटल्या धुते.
सेलूच्या अलीकडं ही शाळा, चौथीपर्यंतची.
पंधरा वर्षांत चुलीवरून गॅसवर आले,
पगार तेवढा चुलीपाशीच ऱ्हायला.

ताटली सांगती.
पोट दुखणारं लेकरू कडंकडंनं खातं.
खेळायची घाई असणाऱ्याची शितं भुईवर.
पण एखादी ताटली येती, बगा,
वाढली तशीच,
मधोमध बोटानं केलेला एक खड्डा,
अन् खड्ड्यात काहीच नसतं.

आधी मनलं, मीठ कमी पडलं असंल.

तिसरीतला संघपाल.
मागच्या साली भांडं खरडायच्या आधी हजर,
"मावशी, खरवड."
आता तोटीपाशी हुबा ऱ्हातो,
पाणी चालू, हात कोरडे.
सर मनले, आळशी झालाय.
आईनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या.
आजा पारावर हसला,
"लेकराला कसलं आलंय दुःख?
लाइटबिल भरायचंय का त्याला?"

निलोफर मात्र हसती. सगळ्यांच्या आधी हसती.
ती सापडायला मला वरीस लागलं.
दर बुधवारी अंडं दुसऱ्याच्या ताटात,
दर बुधवारी येगळ्याच्या,
म्हंजी कुणाच्या ध्यानात येऊ नये.

तपासणीची गाडी आली.
वजन झालं, दात झाले, डोळे झाले,
जंताची गोळी सगळ्यांला.
डॉक्टरीणबाई पोरसवदा, पाणी प्यायला माझ्याकडं आली.
मी मनलं, पाच हायत.
"बासष्टात पाच?"
पाच मला दिसलेले, बाई.
ज्यांची ताटली चाटूनपुसून येती
त्यांचं मला काय ठावं.

तिनं एक शब्द सांगितला. नैराश्य.
मोठा होता.
सरकारी गणवेश येतो तसा,
खांदे उतरलेले,
बाह्या दुमडून घालावा लागंल.
"ह्यांच्या मापाचा न्हाई का?" मी इचारलं.
ती गप. मग मनली, पुढल्या महिन्यात येते.
तीन महिने झाले.

संघपालला मी लसूण सोलायला बसवते.
एक पाकळी, सगळी सुट्टी.
बोलत न्हाई. मी बी कामून ईचारू?
गॅसचा आवाज आमच्यात असतो, तेवढा पुरतो.
परवा मान खाली घालूनच मनला,
"मावशी, घंटा होती, पण सुट्टी होत न्हाई."

पळी हातातच ऱ्हायली माझ्या.
खाली लागलं सगळं, लागू दिलं.

त्याची खरवड वाटीत झाकून ठेवते.
कधी खातो. काल न्हाई खाल्ली.
आज बुधवार.
अंडी एकसष्टच आलीत, एक कमी.
माझ्या डब्यातली भाकर मोडून
निलोफरच्या समोर बसणार हाय मी,
हसली तरी उठणार न्हाई.