डिकीच्या रबराखालचा हिरवा

वादी कबीरमध्ये मे महिन्यात
सकाळी आठ वाजता पत्रा हात लावू देत नाही.
म्हणून रंग आम्ही त्याआधीच जुळवतो, मी आणि शिजू,
ऊन डोंगरावरून शेडच्या दारात उतरल्यावर
जो अर्धा तास मिळतो, त्यात.

गाडी एकाहत्तरची प्यूजो.
मालक हमूद बिन नासिर. काठी टेकून उभा राहिला,
म्हणाला, याकूब, होता तोच रंग दे.

होता तोच.
रंगाच्या नंबराची पट्टी गंजलेली,
त्यातला एक तीन उरलाय. किंवा आठ.
छपराचा हिरवा वेगळा, दारांचा वेगळा,
बॉनेट तर आतून इंजिनानं, वरून उन्हानं
ताकासारखं करून ठेवलेलं.
आधीच्या कुणी पेंटरनं दोन पॅच मारलेत,
दोन्ही आपापल्या मतावर ठाम.

मी डिकीचं रबर सोललं.
खाली बोटभर जागा,
पन्नास वर्षांत ऊन न पाहिलेली.
चिकटा पुसला, पॉलिश फिरवलं,
तेव्हा कुठे तो दिसला.

शिजू म्हणाला, पच्चा.
मालक म्हणाला, अखदर.
मी गप्प. नुसतं हिरवा म्हटल्यानं काय कळतं?
चिपळूणच्या मॅचिंग सेंटरात माझी फुफी
शेवाळी मागायची, मेंदी मागायची,
पिस्ता दाखवला तर रागावायची,
आणि मग ब्लाउजपीस घेऊन सरळ रस्त्यावर.
एका हातात साडीचा पदर, एका हातात कापड,
मागून दुकानदार ओरडतोय,
ही उन्हात डोळे बारीक करून उभी.
ट्यूबलाइट खोटं बोलते रे, म्हणायची.
पिशवी धरायला मी असायचो.
माझी सगळी ट्रेनिंग तेवढीच.

पिवळा चार थेंब. काळा दोन.
निळा जपून.
तांबडा सुईच्या टोकावर मावेल इतकाच,
हिरव्याचा माज उतरवायला.
पत्र्याच्या तुकड्यावर मारायचा आणि थांबायचं,
कारण ओला रंग लगेच हो म्हणतो,
वाळला की शब्द फिरवतो.

सतराव्या तुकड्याला जुळला.
पट्टीवर धरला तर कड सापडेना.
शिजूनं शिट्टी वाजवली.

हमूदनं तो तुकडा उन्हात नेला (फुफी आठवली),
बराच वेळ बघितला.
ही माझी गाडी नाही, म्हणाला.
मी तिचा तिसरा मालक. माझ्याकडे आली
तेव्हाच ती निझवाच्या रस्त्यावर बारा वर्षं चाललेली होती.
आणि काठीचं टोक मागच्या दाराच्या हँडलखाली टेकवलं,
जिथे ऊन तिरकं पडतं, कमी पडतं.
हा.

आता आली का पंचाईत.
नव्या रंगात उन्हाळे मिसळायचे, मोजून बारा.
पांढरा टाकला तर दुधट होतो, उन्हाळा होत नाही.
मातकट टाकला तर मळतो.
तेरावा उन्हाळा पडला की डबा बाजूला, पुन्हा पहिल्यापासून.
तीन पहाटा गेल्या.
चौथ्या दिवशी हमूद काहीच बोलला नाही,
दाराचं हँडल उघडून बंद केलं, एवढंच.

त्याच दुपारी मुलाचा मेसेज :
अब्बा, पेंटर आलाय. भिंतींना जुनाच रंग मारू ना?
खाली दोन फोटो.
शेडमध्ये बघितले तर एक, बाहेर नेऊन बघितले तर दुसरेच.
मी लिहिलं, कुठला जुना?
घर बांधलं तेव्हाचा, की मी निघालो तेव्हाचा?
मग दुसरी ओळ पुसली. पहिलीच पाठवली.

फवारणी शेजारच्या पत्र्यावर अर्ध्यापर्यंत
विरळ विरळ सोडत न्यायची असते.
जिथे संपला तिथे संपल्यासारखं दिसता कामा नये.
शिजूचा हात आता बसलाय.

भाई, इथली टेप काढू? इथं मारायचा राहिला,
तो डिकीजवळून म्हणाला.
राहू दे, म्हटलं. रबर बसव.

बिल अरबीत करावं लागतं.
रंगाच्या रकान्यात एवढंच मावलं :
अखदर.