शेरा

स्वारगेटला पहाटेच्या एसटीतून उतरतो समुद्र,
पोत्यात, सुतळीनं बांधलेला,
कंडक्टरच्या पायाशी
अख्खा घाट झोपेत चढून आलेला.
चोवीस बाटल्या. जगदीश सही करून घेतो
आणि शिवाजीनगरच्या लॅबमध्ये
माझ्या टेबलावर ओळीनं मांडतो.

पुण्यात मीठ वाण्याकडे मिळतं.
खिडकीबाहेर खोलवर सगळा काळा दगड;
समुद्र इथून उतरून जायच्या अंतरावर,
चढून यायच्या नाही.
तरी रोज दहा वाजता मी एप्रन घालते
आणि त्याचा माग काढते.

आधी वाहकता. मीटरचे आकडे पळतात,
काही बाटल्यांना लवकर दमतात, काहींना दमतच नाहीत.
मग शंकुपात्रात पन्नास मिली, क्रोमेटचे चार थेंब.
पाणी हळदीचं होतं.
वरून सिल्व्हर नायट्रेट, थेंब थेंब.
आत दह्यासारखं काही साकळतं
आणि एका थेंबाला, त्याच एका,
हळद विटकरी होते.
तिथं हात थांबला पाहिजे.
बावीस वर्षं मी एवढंच शिकले.

बाटली सतरा. निवतखोल.
विहीर बांधीव, खोली साडेचार मीटर,
लाटेपासून दोनशे दहा पावलं
(मीटर विचारले होते, पावलं लिहिलीत).
मालक जुबेदा मुकादम.
आणि लेबलच्या कडेला, जागा संपली म्हणून उभं:
चहा फुटतो.

नोंदवहीत क्लोराइडला रकाना आहे,
सोडियमला, नायट्रेटला, कठीणपणाला.
चहाला नाही.

ब्रोमाइडशी गुणोत्तर जुळवलं.
हा खार शोषखड्ड्याचा नव्हे,
हा खुद्द तोच, खालून आलेला.
गोडं पाणी खाऱ्यावर सायीसारखं असतं.
साय बोटभर ओढली
की खालून चाळीस बोटं खार चढतो.
पुस्तकातलं गणित आहे हे.
निवतखोलच्या वरच्या अंगाला तीन नवे पंप बसलेत,
हे ड्रायव्हरनं जगदीशला सांगितलं, जगदीशनं मला.
जुबेदाबी अजून पोहऱ्यानं काढतात म्हणे.

दुपारी सगळे डबे घेऊन खाली गेले.
उरलेला नमुना महिनाभर जपायचा, असा नियम.
मी सतरातलं कपभर पाणी हॉटप्लेटवर ठेवलं.
साखर. पत्ती. कॅन्टीनचं ताजं दूध.
उकळी आली, रंगही छान धरला,
वाटलं, बाईचंच काहीतरी चुकत असेल,
आणि मग एका क्षणाला, त्याच एका,
कडेनं धागा सुटला.

"मॅडम, दूध नासलेलं का?"
जगदीश दारात, हातात लोणच्याची बरणी.
नव्हतं, म्हटलं.
तो वाकून भांड्यात बघत राहिला,
आजारी माणसाच्या उशाशी बघावं तसा.

संध्याकाळी तक्ता टाइप केला.
सतरासमोरचे आकडे दोनदा तपासले.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथं 'पिण्यास अयोग्य'
आम्ही कॉपी-पेस्ट करतो.
त्याच्याखाली आणखी दोन शब्द लिहिले.

साहेब खोडतील, जगदीश म्हणाला.

खोडू देत.
बाटली फडताळात आहे,
कपभर कमी.