कूलरची खिडकी

हे घर उन्हाळ्यासाठी बांधलेलं.
बाबांनी गवंड्याला एवढंच सांगितलं होतं,
हवा आली पाहिजे.
म्हणून दारासमोर दार, दारावर झरोका,
न्हाणीच्या भिंतीत सिमेंटची जाळी.
मे महिन्यात तिच्यातून लूसुद्धा
चप्पल बाहेर काढून आत यायची.

थंडीचं कोणी काही बोललं नव्हतं.
नागपुरात थंडी म्हणजे
ट्रंकेतल्या स्वेटरांची पंधरा दिवसांची हौस.

पण मंगळवारी वैजयंता येणार
डागा दवाखान्यातून, बाळाला घेऊन.
एक किलो सातशे.
सिस्टर म्हणाली, खोली गरम ठेवा.
शेगडी नको, धूर नको.
मी हो म्हणालो, जसं काही मला येतंच ते.

घरी आलो, उदबत्ती लावली,
आणि धूर जिथं जिथं वाकला
तिथं खडूनं फुली मारत गेलो.
अकरा फुल्या.
सगळ्यात मोठी कूलरच्या खिडकीवर.

जूनपासून तो तिथंच.
टाकी कोरडी, पात्यांवर कबुतराची पिसं.
रात्री बिनविजेचा चालतो,
अख्ख्या तांडापेठेचा गारठा ओढून
आमच्या खाटेवर सोडतो.

धनराज निखारे पाना घेऊन आले.
"काहून काढता बाप्पा?
एप्रिलमधी पुन्हा बसवाच लागन ना."
"तवाचं तवा पाहू."
नटांना गंज. रॉकेल पाजलं, वाट पाहिली,
दोघांनी धरून उतरवला.
खिडकीभर आभाळ एकदम आत आलं,
सात अंशांचं.

मग पुठ्ठे. मग फ्रिजच्या दुकानातला थर्मोकोल,
दाणे सगळ्या घरभर, अजून सापडतात.
आणि दोघांच्या मध्ये
कूलरचंच जुनं गवत, दोन दिवस गच्चीवर वाळवलेलं.
उन्हाळाभर पाणी पिऊन ज्यानं आम्हाला गार केलं
त्याला म्हटलं, आता कोरडा राहा फक्त.

दारांच्या फटींना काय?
यमूनं पलंगाखालचा डबा ओढला.
बाबांचा माग विकून अठरा वर्षं झाली,
सूत तेवढं राहिलेलं,
लुगड्याच्या काठांचं, तांबडं, मोरपंखी.
चमच्याच्या दांड्यानं ती ते फटीत कोंबत होती.
म्हणाली, "मामंजींनी हवा आणली,
तुम्ही हाकलून राह्यले."
मी काही बोललो नाही.
काठ बरा दिसत होता दाराला.

सोमवारी रात्री पुन्हा उदबत्ती.
धूर सरळ वर.
ताण्यातल्या धाग्यासारखा, कुठंच न हलता.
जिंकल्यासारखं वाटलं, क्षणभर.
मग त्या न हलणाऱ्या हवेत
मलाच माझा श्वास ऐकू यायला लागला.
स्टुलावर चढलो.
वरच्या झरोक्यातलं सूत ओढलं,
बोटभर.
धूर किंचित झुकला, जसा कोणी हाक मारल्यावर बघतो.
तेवढी बाबांची.

मंगळवारी वैजयंता आली, उंबऱ्यातच म्हणाली,
"किती अंधार केला हो!"
खाटेवर बसली. भिंतीला हात लावून पाहिला,
मग खिडकीला.
मग मांडीवरच्या गाठोड्याची
एक घडी उलगडली.
थोड्या वेळानं आणखी एक.
तिसरी राहू दिली.

अंगणात कूलर, ताडपत्रीखाली.
रात्री वारा सुटला की
त्याचा पत्रा वाजतो.