कानातला खडा

हिडकलच्या धरणावर सकाळी पावणेसहा.
सिद्धाप्पा अंबीची बुट्टी, डांबर फासलेली.
तिला नाव म्हटलं की त्याला राग येतो.
"नाव माणसाला असतंय. ही बुट्टी."

तिच्यात अंग चोरून बसलेल्या रेवणकर बाई, कारवारच्या,
अकरा वर्षं समुद्रात तारली मोजत होत्या.
तिथं, म्हणतात, जाळं टाकायच्या आधीच
थव्याची सावली पडते पाण्यावर,
मोजायचं म्हणजे अंदाज करायचा.
इथं एकेक मासा हातात येतो,
ओला, रागावलेला, एकटा.

वही माझ्याकडे.
बी.एस्सी., खानापूर. रोज चारशे रुपये, डबा आपला.
'स्थानिक नाव' या रकान्याला बोटभर जागा
आणि सिद्धाप्पा एका माशाची दोन नावं सांगतो,
घरात एक, बाजारात एक.
मी वाम लिहिते, तर म्हणतो, हावमीनुबी लिवा,
नायतर ती ओ देणार न्हाई.
मग मी समासात लिहिते, आडवं.

आज चिलापी एकशे बारा.
कटला नऊ, सरकारनं सोडलेल्या बियाण्यातले.
मरळ तीन, वाम एक,
आणि जाळ्याच्या कोपऱ्यात अडकलेलं
करंगळीएवढं चांदीचं काहीतरी.

सिद्धाप्पा वल्हं मारायचा थांबला.
"आमचा बा धरायचा ह्यो.
हुक्केरीच्या बाजारात शेरानं मापून द्यायचा.
मी ल्हान हुतो. नाव आठवंना."
बाईंनी पुस्तक उघडलं, चाळलं, मिटलं.
तारलीच्याच भावकीतला असावा, म्हणाल्या,
समुद्राशी बोलणं टाकून गोड्या पाण्यात राहिलेला.

पाटबंधारे खात्याच्या बंगल्यात, जेवणाच्या टेबलावर,
पोह्यांच्या ताटल्या बाजूला सारून
डोकं उघडलं, कानातला खडा काढला,
तिळाहून बारीक.
भिंगाखाली रेघा. तीन उन्हाळे.
दुसऱ्याची रेघ केसासारखी,
त्या साली पाणी देवळाच्या पायरीखाली गेलं होतं
आणि लोक गाड्या करून फोटो काढायला आले होते.
यानं ते खाली राहून नोंदवलं,
कुठल्याच लिपीत नाही.

दारातून सिद्धाप्पा. "असले किती हाईत खाली?"
एक सापडला म्हणजे असतील आणखी, बाई म्हणाल्या.
"असतील. खरं आमाला दिसला त्यो एकच,
आन् त्यो आता काचंवर हाय."
बाईंचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला.

संख्येच्या रकान्यात मी एक लिहिला.
नावाच्या रकान्यात पेन टेकवून बसले.
बाहेर त्यानं बुट्टी पालथी घातली,
पायजम्याला क्लिप लावली, सायकल काढली.
बाची धाकटी बहीण आहे अजून, कोण्णूरला.
ऐकू कमी येतं, पण माशांची नावं विसरलेली नाही.

एवढ्या उन्हात कोण्णूर.
मी जागा सोडून पान उलटलं.