श्वास रोखा

दुकानाचं नाव ताजमहाल.
बानं ताजमहाल पाहिलेला नाही.
भिंतीवरचा हत्ती, सोनेरी झालरीचा,
आधीच्या मालकाचा, भाड्यासोबत आलेला.
गिऱ्हाइकं विचारतात,
तुमच्याकडे हत्तीवरून जातात का हो शाळेत?
बा म्हणतो, हाय, हाय.
जपानीत त्याचा अर्थ नुसता हो.

बागलुंगच्या आमच्या कड्यावर
नान कुणी चाखलाही नव्हता.
मक्याचा ढिंडो, वाळल्या गुंद्रुकाचं आंबट पाणी,
दसैंला बकरा.
नान बा ओसाकात शिकला, एका तळघरात.
पहिली दोन वर्षं पगार दलालाचा,
चौघांत दोन गाद्या, उशाला कांद्याची पोती.
शेत गहाण, आईच्या कानातलं गहाण,
मी मावशीकडे.
तेही गहाणच म्हणा.

अकराव्या वर्षी मला सोडवून आणलं.
विमानतळावर त्यानं हात पुढे केला :
उजव्या हाताला, कोपरापर्यंत, एक केस नव्हता.
मला वाटलं, परदेशात माणसं
अशी गुळगुळीत होत असतील.

आम्ही छन्त्याल.
आमचे जुने लोक तांब्याच्या खाणीत उतरायचे
पोटावर सरपटत,
चिकाच्या लाकडाची ढलपी दातांत पेटती धरून.
खाणी मिटल्या, भोकं राहिली.
बा लहानपणी त्यांत हरवलेल्या शेळ्या शोधायचा,
आधी हाक, मग कान, मग हात.
आणि आता राहतो त्या त्सुबामे गावात
तांब्याच्या किटल्या घडवतात,
एकाच पत्र्यातून, कुठे सांधा नाही.
सुट्टीच्या दिवशी बा त्या दुकानाच्या काचेबाहेर उभा असतो,
टोपीवर बर्फ साठेपर्यंत.
आत जात नाही.
किंमत विचार की, मी म्हणते.
तो म्हणतो, किंमत कशाला, आवाज ऐकतोय.

क्ष-किरण तंत्रज्ञाच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले.
बा काही बोलला नाही.
त्या रात्री भात जरा जास्त वाढला.
दुसऱ्यांदा पास झाले
तेव्हा त्यानं स्वतःच्या अक्षरात शटरवर कागद लावला :
मुलीच्या कारणानं आज बंद.
कारण कसलं ते लिहायचं राहिलं.
संध्याकाळी दाराशी मुळ्याच्या दोन जुड्या,
आणि समोरच्या मारुयामा आजींचं
काळ्या दोरीचं पाकीट,
मयताच्या घरी देतात तसलं.
दुसऱ्या दिवशी बा मलाच घेऊन गेला,
ही बघा, जिवंत आहे, पासही झालीय.
आजी आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत.
आल्या त्या नवं पाकीट घेऊन.
नोटा त्याच. दोरी लाल.

मार्चात बाची तपासणी माझ्याच पाळीत निघाली.
बावीस वर्षं
एकाच तापल्या भिंतीवर थापटून खांदा धरलेला.
छातीचा फोटो, खांद्याचा फोटो.
कागदी अंगरख्यात तो एवढासा दिसत होता,
हनुवटी पाटीवर टेकून,
हात कुठे ठेवायचे ते न कळलेला.
काचेमागून मी माइकवर म्हणाले,
रोज शंभरदा म्हणते तसं, जपानीत,
मोठा श्वास घ्या. रोखा.
बा हलला.
मागे वळून पाहू लागला, कोण बोललं म्हणून.
तेव्हा मी आपल्या बोलीत म्हणाले :
सास रोक्नुस्, बा.

तो भिंतीसारखा स्थिर झाला.

पडद्यावर उमटत गेल्या फासळ्या,
काळोखात पांढऱ्या वाटा,
आत, आणखी आत फुटणाऱ्या फांद्या,
खांद्याच्या खोबणीत खडूसारखा थोडा चुरा.
मी पाहत राहिले.
डॉक्टर पाहतात तसं नाही.
कुणी तरी आत उतरलंय आणि वर यायचंय,
तसं.

सोडा, म्हणायचं राहूनच गेलं.
बा तसाच उभा होता,
गाल फुगवून, कानांपर्यंत लाल,
सांगितलेलं काम करत.